कापणी-मळणी यंत्रातील व्हेरिएटरची उकल व दुरुस्ती

सोयाबीनचे पीक काढणीस आले म्हणजे वाशीम, लातूर, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतील रस्त्यांवर कंबाईन हार्वेस्टर, म्हणजे कापणी व मळणी एकाच वेळी करणारी यंत्रे, दिसू लागतात. त्यांपैकी पुष्कळशी पंजाबातून येतात व चालक-मिस्त्रीही तिकडूनच येतात. हंगाम थोड्या दिवसांचा असतो. शेंगा वाळल्यावर पीक उभे राहिले तर दाणे शिवारात गळतात आणि परतीचा पाऊस आला तर ते शेंगेतच डागाळतात. अशा दिवसांत यंत्र बंद पडले म्हणजे मालकाचे भाडे बुडतेच, परंतु त्याहून मोठे नुकसान ज्याचे पीक वाफ्यात उभे असते त्याचे होते. यंत्र बंद न पडता चुकीच्या गतीने चालत राहिले तर होणारे नुकसान मात्र त्या दिवशी कोणाच्याच नजरेस येत नाही. ते पुढील मृगात, पेरलेले बी उगवले नाही म्हणजे कळते.

या दोन्ही प्रकारच्या नुकसानीच्या मुळाशी अनेकदा एकच भाग असतो. त्यास व्हेरिएटर असे म्हणतात. मोटारगाडीत गिअर न बदलता गती सलग कमीजास्त करणारी जी योजना असते, तीच ही योजना होय. नेदरलंड्समधील हुब व्हॅन डोर्न यांच्या डाफ कारखान्याने १९५८ साली रबरी पट्ट्यांवर चालणारी अशी मोटार बाजारात आणली. पुढे मोटारींमध्ये रबराच्या जागी पोलादी पट्टा आला व सर्व रचना तेलाने भरलेल्या बंद पेटीत गेली. शेतावरील यंत्रात मात्र रबरी पट्टा आणि उघडी पुली हीच जोडी टिकून राहिली आहे, आणि म्हणूनच तिची दुरुस्ती गावातील कुशल मिस्त्रीच्या आवाक्यात आहे. ज्यांच्या घरी बिनगिअरची स्कूटर आहे, त्यांनी डाव्या बाजूच्या झाकणाखाली हीच योजना लहान स्वरूपात पाहिलेली असेल.

व्हेरिएटरचे कार्य

साधी पुली एकसंध असते. व्हेरिएटरची पुली दोन तबकड्यांची असते व त्यांपैकी निदान एक तबकडी शाफ्टवर मागेपुढे सरकू शकते. तबकड्यांच्या आतील बाजू उतरत्या असतात आणि त्यांच्यामध्ये रुंद व्ही-पट्टा बसतो. तबकड्या जवळ आल्या की पट्टा वर चढतो, म्हणजे पुली जणू मोठी होते. त्या दूर गेल्या की पट्टा खाली उतरतो व पुली लहान होते. पट्ट्याची लांबी ठरलेली असल्याने एका पुलीवर तो चढला की दुसऱ्या पुलीवर त्यास उतरावेच लागते.

मळणीच्या ड्रमला गती देणाऱ्या व्हेरिएटरचे उदाहरण घेऊ. चालक पुलीची सरकती तबकडी स्क्रूच्या साहाय्याने, चालकाच्या बैठकीजवळील चाक फिरवून अथवा विजेच्या लहान मोटारीने, सरकविली जाते. ड्रमच्या शाफ्टवरील दुसरी पुली, म्हणजे चालित पुली, भक्कम स्प्रिंगने सदैव मिटलेली राहू पाहते. चालक पुली मिटविली की पट्टा तिच्यावर चढतो, चालित पुलीच्या तबकड्यांना स्प्रिंगविरुद्ध फाकवून तिच्यात खोल जातो, व ड्रमची गती वाढते. चालक पुली उघडली की स्प्रिंग चालित पुलीस मिटविते, पट्टा तेथे वर येतो व गती उतरते. बहुतेक चालित पुल्यांत स्प्रिंगच्या जोडीला तिरप्या खाचांचा एक कॅमही असतो. ड्रममध्ये पिकाचा जाड लोंढा शिरून भार वाढला की हा कॅम तबकड्यांना अधिक जोराने पट्ट्यावर दाबतो. भार जितका अधिक तितकी पकड घट्ट, अशी ही सोय आहे.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. समजा, चालक शाफ्ट मिनिटास ९०० फेरे करीत आहे. पट्टा चालक पुलीवर ११५ मिलिमीटर त्रिज्येवर व चालित पुलीवर २६० मिलिमीटर त्रिज्येवर असेल, तर ड्रमचे फेरे सुमारे ४०० होतील. तोच पट्टा चालक पुलीवर १९० पर्यंत चढला व चालित पुलीवर १८५ पर्यंत उतरला, तर फेरे ९२० च्या पुढे जातील. गव्हाच्या मळणीस असे वेगवान फेरे लागतात. सोयाबीन बियाण्यासाठी ठेवावयाचे असल्यास मात्र मळणीची गती मिनिटास ३५० ते ४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवण्याची शिफारस आहे. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते व अंकुर सालीच्या अगदी खाली असतो. जोराचा मार बसला की दाणा वरून अखंड दिसतो, परंतु आत अंकुर दुखावलेला असतो. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते. ड्रमच्या गतीकडे दुर्लक्ष झाल्यास घरचे चांगले बी या मर्यादेच्या खाली जाण्यास वेळ लागत नाही. याउलट पीक दमट असताना फेरे फार कमी पडले, तर शेंगा न फुटताच भुशाबरोबर मागे पडतात.

दोष कसा ओळखावा

गती कमी करण्यासाठी स्क्रू फिरविला, पण पट्टा सैल पडून फडफडू लागला व ड्रम अडखळू लागला, तर चालित पुलीची सरकती तबकडी उघडलेल्या स्थितीत अडकली आहे असे समजावे. स्प्रिंग तिला मिटवू शकत नाही. गंज, वाळून घट्ट झालेले ग्रीस, धूळ व भुसा ही त्याची नेहमीची कारणे होत. गती वाढविताना स्क्रू फार जड जात असेल, तर तीच तबकडी मिटलेल्या स्थितीत अडकली असण्याचा संभव अधिक. भार येताच ड्रम मंदावतो, रबर जळाल्याचा वास येतो व पट्ट्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या दिसतात, अशी स्थिती असल्यास पट्टा घसरत आहे. घसरणारा पट्टा अतिशय तापतो. त्याच्या भोवती वाळलेला भुसा साचलेला असतो, ही गोष्ट विसरता कामा नये. शेतातच यंत्र पेट घेण्याच्या घटनांमागे तापलेला पट्टा अथवा बेअरिंग हे एक ठळक कारण असते.

पट्टा घसरू लागला म्हणजे त्यावर राळ टाकण्याची सवय काही मिस्त्रींस अद्याप आहे. जुन्या तेलाच्या इंजिनांवरील सपाट पट्ट्यांच्या काळातील ही सवय होय. व्ही-पट्ट्यावर तिचा उपयोग नाही. राळ धुळीत मिसळून तबकड्यांवर खरवडीचा थर जमतो, आणि ज्या पट्ट्याने अलगद वरखाली सरकावयाचे तोच चिकटून धक्के देऊ लागतो.

झिजलेल्या पट्ट्याविषयी थोडे सविस्तर सांगणे जरूर आहे, कारण येथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. पट्टा वरून अखंड असेल, एकही भेग नसेल, तरीही तो निकामी झालेला असू शकतो. शेतीयंत्रांतील या पट्ट्यांच्या दोन्ही कडांमधील कोन साधारणतः २६ अंशांचा असतो. या कोनामुळे पट्ट्याची रुंदी केवळ २ मिलिमीटरने झिजली, तरी स्क्रू त्याच जागी असता तो चालक पुलीत सुमारे ४.३ मिलिमीटर खाली बसतो. वरील उदाहरणात यामुळे ड्रमची कमाल गती ९२४ वरून सुमारे ८८० फेऱ्यांवर येईल. शिवाय चालित पुलीच्या तबकड्या अधिक मिटून स्प्रिंग सैलावते व तिचा दाब कमी होतो, म्हणजे घसरण आणखी वाढते. सबब स्क्रूजवळील खुणेवर विसंबून न राहता फेरे मोजण्याच्या यंत्राने ड्रमची प्रत्यक्ष गती तपासावी. नव्या पट्ट्याची रुंदी उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली असते. तिच्याशी जुन्या पट्ट्याची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने तीन-चार ठिकाणी मोजून ताडून पाहावी.

उकलण्यापूर्वीची तयारी

यंत्र सपाट व कठीण जमिनीवर उभे करावे. इंजिन चालू असतानाच ड्रमची गती सर्वांत कमी करावी. असे केल्याने चालक पुली पूर्ण उघडते व चालित पुलीतील स्प्रिंग कमीत कमी दबलेल्या स्थितीत येते. येथे एक नियम ध्यानात ठेवावा. स्क्रू फिरवावयाचा तो यंत्र फिरत असतानाच. पट्टा थांबलेला असता त्याला तबकड्यांवर चढता येत नाही, आणि जोर लावल्यास स्क्रूचे आटे वा तबकडी यांपैकी काहीतरी मोडते.

त्यानंतर इंजिन बंद करून किल्ली काढावी व ती दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी. बॅटरीचे ऋण टोक सोडावे. कापणीचा पुढील भाग वर उचललेला असल्यास त्याखाली लाकडी ठोकळे द्यावेत, केवळ हायड्रॉलिक दाबावर तो सोडू नये. चाकांना अटकाव लावावा. इंजिन बंद केल्यावरही ड्रम जड असल्यामुळे काही वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबेपावेतो जाळीचे आवरण काढू नये. घाईच्या दिवसांत आवरण काढूनच यंत्र चालविण्याचा प्रघात आढळतो. पट्टा व पुली यांच्या मध्ये बोटे सापडली तर ती वाचत नाहीत, मग शेजारी कितीही कुशल मिस्त्री उभा असो.

उकल

प्रथम भुसा व धूळ ब्रशने झाडून टाकावी. मग दोन्ही पुल्यांच्या जोडीच्या तबकड्यांवर, एकमेकींसमोर, पंचने बारीक खुणा कराव्यात. खडूची खूण रॉकेलने पुसली जाते. तबकड्यांची जोडी समतोल साधून बसविलेली असते व कॅमच्या खाचाही ठराविक जागी जुळतात, म्हणून ही खूण टाळू नये.

पट्टा काढण्यासाठी चालित पुलीच्या तबकड्या फाकवाव्या लागतात. अनेक यंत्रांत याकरिता एका तबकडीत आटे पाडलेली दोन-तीन छिद्रे ठेवलेली असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळत गेल्यास सरकती तबकडी स्प्रिंगविरुद्ध मागे जाते, पट्टा खोल बसतो व सैल होऊन चालक पुलीवरून सहज उतरतो. पहारीने वा टायर काढण्याच्या पट्टीने पट्टा कडेवरून ओढून काढू नये. पट्ट्याच्या आतील दोर त्यामुळे तुटतात. ही तूट बाहेरून दिसत नाही, पण पट्टा थोड्याच दिवसांत एका बाजूस उलटतो व फाटतो. पट्टा उतरल्यावर बोल्ट पुन्हा सावकाश ढिले करावेत.

आता सर्वांत जोखमीचे काम येते. चालित पुलीची स्प्रिंग सर्वांत सैल स्थितीतही बरीच दबलेली असते. तिच्यावरील झाकणाचे बोल्ट एकामागून एक काढीत गेल्यास शेवटचा बोल्ट निघताच झाकण व स्प्रिंग गोळीसारखी सुटतात. समोर असलेल्या माणसाचा जबडा वा छाती फुटू शकते. याकरिता सुरक्षित रीत अशी. झाकणाचे तीन बोल्ट, एकमेकांपासून सारख्या अंतरावरील, एकेक करून काढावेत व त्यांच्या जागी त्याच आट्यांचे लांब गज पूर्ण खोल बसवून वरून नट आवळावेत. गजाची लांबी स्प्रिंगच्या मोकळ्या लांबीस पुरून उरेल इतकी असावी. मग राहिलेले बोल्ट काढावेत. त्यानंतर तिन्ही नट आळीपाळीने एकेक फेरा सोडीत जावे. झाकण सरळ वर येत राहील व स्प्रिंग मोकळी होईल. या सर्व वेळी पुलीच्या समोर उभे न राहता बाजूस उभे राहावे. जेथे कारखान्याने स्प्रिंग दाबण्याचे खास साधन दिले आहे, तेथे तेच वापरावे हे सांगणे नलगे.

शाफ्टवरून पुली निघत नसेल तर पुलर लावावा. बिडाच्या तबकडीच्या कडेवर घणाचा एक ठोका बसला तरी तिला बारीक चीर जाते. अशी तबकडी पुढे भर गतीत फुटते.

तपासणी

धातूचे सर्व भाग रॉकेलने धुऊन कोरडे करावेत. पट्ट्यास रॉकेल वा डिझेल लागू देऊ नये, त्याने रबर फुगते. तबकड्यांच्या उतरत्या बाजूंवरून नख फिरवून पाहावे. ज्या एकाच गतीवर यंत्र दीर्घकाळ चालले असेल त्या जागी पायरी पडलेली नखास लागते. पायरी स्पष्ट असल्यास पट्टा तेथे अडतो, व तबकडी बदलणे हाच उपाय राहतो. किरकोळ गंज बारीक पॉलिश पेपरने काढता येतो. तबकडी लेथवर चढवून तासून घेण्याचा मोह टाळावा, कारण कोन थोडाही बदलला तर पट्टा एकाच कडेवर चालून लवकर संपतो.

सरकत्या तबकडीचे बुश शाफ्टवर घालून हलवून पाहावे. ती अलगद सरकली पाहिजे, परंतु डुगडुगता कामा नये. डुगडुगणारी तबकडी भाराखाली तिरपी होते व अडकते. पुष्कळदा मिस्त्री पट्टा बदलतो, आठ दिवसांत नवा पट्टाही खराब होतो, आणि दोष पट्ट्याच्या दुकानदारास लागतो. मूळ दोष मात्र बुशामध्ये असतो. शाफ्टवरील चावीची खाच रुंदावली आहे काय, कॅमच्या खांद्यांवर खड्डे पडले आहेत काय, हेही पाहावे. स्प्रिंगची मोकळी लांबी पुस्तिकेतील लांबीशी ताडावी. आखूड झालेल्या स्प्रिंगखाली वॉशर घालून काम भागविण्याची युक्ती पहिल्या दिवशी यशस्वी दिसते, पण तशाने कमाल गतीला स्प्रिंगची वेटोळी एकमेकांस टेकतात व स्क्रूवर सर्व जोर येतो.

जोडणी

सरकत्या भागाला पुस्तिकेत सांगितलेल्या जातीच्या ग्रीसचा पातळ हात द्यावा. ग्रीस अधिक झाले तर ते फिरण्याच्या जोराने बाहेर फेकले जाऊन पट्ट्यावर उडते, आणि जी घसरण थांबविण्यासाठी एवढी खटपट केली तीच पुन्हा सुरू होते. ग्रीसगनच्या मोजक्या दाबांनंतर बाहेर आलेले ग्रीस लगेच कापडाने टिपून घ्यावे. पंचच्या खुणा जुळवून तबकड्या बसवाव्यात. स्प्रिंगचे झाकण पुन्हा त्या लांब गजांच्या साहाय्यानेच खाली आणावे व बोल्ट समोरासमोरचे असे क्रमाने आवळावेत.

पट्टा घालताना चालित पुली पूर्वीप्रमाणे बोल्टांनी फाकवून ठेवावी. पट्ट्यावर बाण असल्यास तो फिरण्याच्या दिशेस ठेवावा. पट्टा बसल्यावर फाकविण्याचे बोल्ट काढण्यास विसरू नये. ते आत राहिले तर पुली मिटणारच नाही. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाही हे लांब सरळ पट्टी अथवा ताणलेली दोरी लावून पाहावे. मात्र तबकड्या सरकत असल्याने पट्ट्याची रेषाही गतीप्रमाणे किंचित हलते. म्हणून ही जुळवणी पुस्तिकेत सांगितलेल्या गतीच्या स्थितीत करावी. नंतर ड्रम हातांनी काही फेरे फिरवावा, म्हणजे पट्टा आपली जागा घेतो.

आवरण बसवून इंजिन मंद गतीवर चालू करावे. ड्रमची गती सर्वांत कमीवरून सर्वांत जास्तीपर्यंत व परत, अशी दोन-तीन वेळा न्यावी, आणि प्रत्येक टोकास प्रत्यक्ष फेरे मोजून लिहून ठेवावेत. हे टिपण हंगामभर उपयोगी पडते. नव्या पट्ट्याच्या कडा पहिल्या काही तासांत थोड्या बसतात, म्हणून पहिल्या दिवसाचे काम झाल्यावर फेरे पुन्हा मोजावेत.

चाकांचा व्हेरिएटर

यंत्र पुढे चालविणाऱ्या व्हेरिएटरची रचना काही यंत्रांत वेगळी असते. मधल्या शाफ्टवर दोन पट्ट्यांसाठी जोडपुली असते व तिची मधली तबकडी मोकळी तरंगती असते. हा शाफ्ट एका झुलत्या बाहूवर बसविलेला असून हायड्रॉलिक सिलिंडर त्या बाहूला पुढेमागे हलवितो. बाहू हलला की एक पट्टा ताणला जाऊन खोल जातो, तरंगती तबकडी दुसऱ्या बाजूस सरकते व दुसरा पट्टा वर चढतो. येथे स्प्रिंगचा धोका नसला तरी तेलाच्या दाबाचा असतो. इंजिन बंद करून, लिव्हर दोन्ही बाजूंस हलवून दाब घालविल्याशिवाय नळीचा एकही सांधा सोडू नये. दाबाखालील तेलाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत जाते व अशी जखम दिसावयास लहान असली तरी तातडीने डॉक्टरकडे नेण्यासारखी असते. सिलिंडरच्या सीलमधून तेल गळून पट्ट्यावर पडत असल्यास आधी सील बदलावे, मग पट्टा. बाहूची खीळ झिजली असल्यास दोन्ही पट्टे तिरपे चालतात, तेव्हा तिचीही तपासणी याच वेळी करावी.

मोटारगाडीतील पोलादी पट्ट्याचे व्हेरिएटर मात्र गावातील मिस्त्रीने उघडू नये. त्यातील पट्टा शेकडो बारीक पोलादी तुकडे पातळ कड्यांत ओवून बनविलेला असतो, तबकड्यांचा दाब तेलाच्या झडपांनी राखला जातो, व आत गेलेला धुळीचा कण सर्व पेटी बिघडवू शकतो. तेल ठराविक जातीचे व ठराविक मुदतीत बदलणे, एवढेच मालकाच्या हाती आहे. हार्वेस्टरच्या मालकाने मात्र गावी परतण्यापूर्वी, अथवा हंगाम संपताच, पट्टे उतरवून उन्हापासून व उंदरांपासून दूर, खुंटीवर घडी न पाडता टांगून ठेवावेत आणि तबकड्यांच्या सरकत्या भागांस गंजरोधक तेलाचा हात द्यावा. पुढील हंगामात पट्टे चढविण्यापूर्वी ते तेल उतरत्या बाजूंवरून पूर्ण पुसून घ्यावे.